जेवणाचा डबा आणि इन्सुलिनची सुई

सायखेड्याहून नाशिकच्या रुग्णालयात डबा पोहोचायला किती वेळ लागतो, हा प्रश्न वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. पण मधुमेह असलेलं माणूस वॉर्डात दाखल असेल आणि त्याला इन्सुलिन सुरू असेल, तर डोस किती हा प्रश्न जेवढा महत्त्वाचा, तेवढाच डबा केव्हा येणार हाही. घरी वर्षानुवर्षं गोळ्यांवर बरी चाललेली साखर दवाखान्यात गेल्यावर का बिघडते, तिथे इन्सुलिन का आणि कसं देतात, ते कुठे चुकतं, आणि खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकाच्या हातात त्यातलं काय असतं, हे या प्रकरणात पाहू.

सायखेडा हे निफाड तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. नदीपलीकडे चांदोरी, खालच्या अंगाला नांदूर मधमेश्वरचा बंधारा, चहूकडे द्राक्ष, कांदा आणि ऊस. साधं दुखणं गावातच निभावतं. जरा अवघड झालं की निफाडचं उपजिल्हा रुग्णालय, आणि त्याहून अवघड झालं की २५-३० किलोमीटरवरचं नाशिक. तिथे सिव्हिल, आडगावचं मेडिकल कॉलेज किंवा एखादं खासगी हॉस्पिटल. पेशंटजवळ एक जण राहतो आणि बाकीचे शेतीची कामं सांभाळून घरून डबा पोहोचवत राहतात.

समजा, इथलेच एक द्राक्षबागायतदार आहेत. त्यांना आपण अण्णा म्हणू. हे अण्णा कल्पनेतले असले, तरी अशा पेशंटवाचून कुठलाही वॉर्ड नसतो. वय ६२, वजन ६० किलो, मधुमेह १४ वर्षांचा. पायांना मुंग्या येतात, तळव्यांना फारसं काही जाणवत नाही. बागेत मांडवाच्या तारेचा तुकडा तळव्यात घुसला, तो दोन दिवस कळलाच नाही. पाय सुजला, ताप आला, जखमेला वास यायला लागला, तेव्हा घरच्यांनी गाडीत घातलं. कॅज्युअल्टीत शुगर निघाली ३१२. मुलगा म्हणाला, ‘‘अहो डॉक्टर, कालपासून अण्णांच्या पोटात अन्नाचा कण नाही, मग एवढी शुगर आली कुठून?’’

ती यकृतातून आली. शरीरावर संकट आलं, मग ते जंतुसंसर्गाचं असो, हाड मोडल्याचं असो की हृदयविकाराच्या झटक्याचं, की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं रक्तात उसळतात. त्यांच्या हुकमानं यकृत आपला साखरेचा साठा मोकळा करतं आणि नवी साखरही बनवायला लागतं. त्याच वेळी स्नायू आणि चरबी इन्सुलिनला नीट दाद देईनाशा होतात. निरोगी माणसाचं स्वादुपिंड अशा वेळी जास्तीचं इन्सुलिन सोडून निभावून नेतं. अण्णांच्या स्वादुपिंडात १४ वर्षांनंतर तेवढी ताकद उरलेली नाही. म्हणून उपाशी असूनही साखर ३१२. आणि चढलेली साखर नुसती कागदावरचा आकडा राहत नाही. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तिच्यामुळे मंदावतात, जखम भरत नाही, लघवीवाटे पाणी निघून जातं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. पाय वाचवायचा असेल तर अँटिबायोटिकइतकंच साखर आवरणंही निकडीचं.

आता घरच्यांना पहिला धक्का बसतो. डॉक्टर अण्णांच्या सगळ्या गोळ्या बंद करतात आणि इन्सुलिन लिहितात. ‘‘म्हणजे आता कायमचं इंजेक्शन लागलं का?’’ हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो आणि त्यामागची भीती खरी असते. तिचं उत्तर स्पष्ट द्यायला हवं: नाही. दवाखान्यात सुरू झालेलं इन्सुलिन पुष्कळ पेशंटच्या बाबतीत घरी गेल्यावर कमी होतं किंवा बंद होतं. इन्सुलिनची सवय लागत नाही. त्या दिवसांत गोळ्यांचा भरवसा धरता येत नाही, म्हणून ते द्यावं लागतं.

गोळ्यांचा भरवसा का नाही? मेटफॉर्मिन ही उत्तम गोळी. पण मोठा जंतुसंसर्ग असेल, मूत्रपिंडं दबली असतील किंवा स्कॅनसाठी शिरेतून डाय द्यायचा असेल, तर ती थांबवणं शहाणपणाचं, कारण तिच्यामुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साठू शकतं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला पिळत राहतात. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या माणसाची साखर त्या धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतात. तिसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन. २०२० मध्ये तिचं पेटंट संपलं, भराभर स्वस्त कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि ती खेड्यापाड्यांत पोहोचली. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते. पण आजारात, उपासात ती चालू राहिली तर रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात, आणि साखरेचा आकडा १८०-२०० असा बेताचाच दिसत असल्यामुळे कुणाला संशय येत नाही. ठरवून करायच्या ऑपरेशनआधी ती किमान ३ दिवस बंद ठेवतात. म्हणून दाखल होताना गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. ‘शुगरची पांढरी गोळी’ एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही.

इन्सुलिनचं तसं नाही. त्याचा डोस तासातासाला वाढवता येतो, घटवता येतो, थांबवता येतो, आणि यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलेलं असलं तरी ते देता येतं. त्याचा माणसावरचा वापरही रुग्णालयातच सुरू झाला. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या, हाडांचा सापळा झालेल्या मुलाला बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी बनवलेला इन्सुलिनचा अर्क टोचला गेला. पहिली सुई जवळजवळ फसली, टोचलेल्या जागी गळू झालं. जेम्स कॉलिप यांनी तो अर्क शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा दिला, आणि मुलाची साखर उतरली. तो आणखी १३ वर्षं जगला. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून मरण थोडं लांबवणं, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं.

औषध सापडून शंभर वर्षं उलटली, पण वॉर्डात ते द्यायचं कसं यावर अजून झगडा चालू आहे. त्यातला सर्वांत जुना खोडसाळ प्रकार म्हणजे स्लायडिंग स्केल. केस पेपरवर एक कोष्टक लिहिलेलं असतं: शुगर १५० च्या आत असेल तर काही नाही, १५० ते २०० असेल तर ४ युनिट, २०० ते २५० असेल तर ६, असं चढत जाणारं. ग्लुकोमीटर येण्याआधी हेच लघवीच्या रंगावर चालायचं. बेनेडिक्टच्या द्रावणात लघवी उकळायची, निळा रंग राहिला तर सुई नाही, हिरवा झाला तर थोडं, विटकरी झाला तर जास्त. कोष्टक सोपं, सिस्टरना कळायला सुटसुटीत, रात्री डॉक्टरांना उठवावं लागत नाही. म्हणून ते टिकलं.

अण्णांवर ते एक दिवस लावून पाहा. सकाळी ७ ला साखर १४०. कोष्टक म्हणतं, इन्सुलिन नाही. ८ वाजता अण्णा चहा-पोहे खातात. त्या पोह्यांसाठी शरीरात इन्सुलिनच नाही, त्यामुळे ११ वाजता साखर ३१०. कोष्टक म्हणतं, १० युनिट. सुई दिली जाते. १२ चं जेवण मात्र आज उशिरा येणार, कारण कांद्याचे ट्रॅक्टर रस्त्यावर आहेत आणि डबा चांदोरीच्या आसपास अडकलाय. दीड वाजता अण्णांना दरदरून घाम, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी. साखर ५८. घाबरून कुणी ग्लुकोजचं पाणी देतं, कुणी बिस्किटाचा पुडा, मागून डबा येतो तोही पूर्ण खाल्ला जातो. संध्याकाळी साखर २९०. पुन्हा मोठा डोस. रात्री ३ वाजता काय होईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

चूक सिस्टरची नाही, मुलाचीही नाही. चूक पद्धतीची आहे. साखर चढेपर्यंत थांबायचं आणि चढल्यावर तिच्यामागे धावायचं, अशी ती आहे. पुराचं पाणी घरात शिरल्यावर वाळूची पोती शोधायला निघावं, तसं. सायखेड्याच्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

याऐवजी करायचं ते असं. शरीराला इन्सुलिन दोन कामांसाठी लागतं. एक, दिवसभर यकृताला आवरून धरायला, म्हणजे उपाशी असतानाही. याला बेसल म्हणतात. दुसरं, जेवणातून येणारी साखर जिरवायला. ते जेवणाआधी द्यायचं. मग तपासणीत साखर थोडी जास्त दिसलीच तर जेवणाच्या डोसात २-४ युनिटची भर. कोष्टकाची जागा एवढीच, या शेवटच्या भरीपुरती. हिशेब वजनावरून होतो. बऱ्याच पेशंटना किलोला सुमारे ०.४ युनिट लागतं. अण्णांच्या ६० किलोंना २४ युनिट झाले. त्यातले १२ रात्री ग्लार्जिनसारखं २४ तास चालणारं, आणि उरलेले १२ तीन जेवणांआधी ४-४-४. क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा वय ७०-७५ च्या पुढे असेल, तर सुरुवातच ०.२ ते ०.३ नं करतात, कारण थकलेली मूत्रपिंडं इन्सुलिन लवकर बाहेर टाकत नाहीत आणि ते अंगात रेंगाळतं. रोज सकाळी राउंडला कालचे आकडे बघून आजचा डोस बदलायचा. हा हिशेब डॉक्टरांचा, घरच्यांनी मनानं करायचा नाही. पण तो कसा होतो हे कळलं, तर ‘काल ४ दिलं, आज ६ का?’ या प्रश्नाची धास्ती राहत नाही.

या पद्धतीला पुरावाही आहे. अमेरिकेत गिलर्मो उम्पिएरेझ आणि सहकाऱ्यांनी १३० पेशंटवर दोन्ही पद्धती समोरासमोर तपासल्या आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. साखर १४० च्या आत आणण्यात बेसल-आणि-जेवणाचं इन्सुलिन ६६ टक्के पेशंटमध्ये यशस्वी झालं, स्लायडिंग स्केल ३८ टक्क्यांत. साखर धोकादायक उतरण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच कमी होतं. त्याला आता बराच काळ लोटला. तरीही पुष्कळ केस पेपरांवर अजून फक्त कोष्टक असतं. माझ्या मते, हे बदलण्यासाठी नवं यंत्र किंवा महाग औषध लागत नाही. राउंडला आलेल्या डॉक्टरनं दोन ओळी जास्त लिहायच्या असतात.

आता वेळेबद्दल. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत अजूनही बरंचसं साधं, म्हणजे रेग्युलर इन्सुलिन वापरलं जातं. ते पोटात टोचल्यावर अर्ध्या तासानं काम सुरू करतं, २ ते ४ तासांनी ऐन भरात येतं आणि ६ ते ८ तास टिकतं. म्हणून ते जेवणाआधी अर्धा तास द्यायचं. नवीन, जलद इन्सुलिन १०-१५ मिनिटांत कामाला लागतं, ते ताट समोर आल्यावरच द्यायचं. उलटी होणाऱ्या किंवा दोन घास खाऊन ताट सारणाऱ्या पेशंटला तेच जलद इन्सुलिन जेवण झाल्यावर लगेच देता येतं, जेवढं खाल्लं त्या मानानं. यात सगळा खेळ सुई आणि घास यांच्या मेळाचा. वॉर्डातल्या सिस्टरला ४० पेशंटचे डबे माहीत नसतात. तिचा १२ वाजता सुयांचा फेरा ठरलेला असतो. म्हणून घरच्यांनी साधं एक वाक्य बोलायचं: ‘‘सिस्टर, डबा अजून आलेला नाही, आल्यावर सांगते, मग सुई द्या.’’ आणि साखर तपासून तासभर झाला असेल, तर पुन्हा तपासून मगच. एवढ्यानं दुपारचा घाम आणि थरथर टळते.

डब्यात काय आहे, यालाही तितकंच महत्त्व. रोजच्या जेवणात फार फेरफार करू नये. एक वेळ दोन भाकऱ्या, दुसऱ्या वेळी नुसती पेज, तिसऱ्या वेळी भेटायला आलेल्यांनी आणलेली केळी, असं झालं की डोस बसत नाही. एकादशी-चतुर्थीला पेशंट उपास धरतो आणि घरून साबुदाण्याची खिचडी येते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, साखर झपाट्यानं चढवतो. उपास मोडायचा नसेल तर तसं आदल्या दिवशी डॉक्टरांना सांगा, डोस त्याप्रमाणे ठरेल. लपवू नका. सलाईनकडेही लक्ष हवं. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. नॉर्मल सलाईन आणि रिंगर लॅक्टेटमध्ये नसते. ती बाटली लावायची असेल तर त्यामागे कारण असतं आणि इन्सुलिनचा हिशेब तिला धरून केलेला असतो. बाटली बंद केली आणि इन्सुलिन तसंच चालू राहिलं, तर साखर कोसळते. असे प्रसंग शिफ्ट बदलताना घडतात.

निफाडच्या माणसाला सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट. बोटावर साखर तपासताना बोट स्वच्छ नसेल तर आकडा खोटा येतो. जपानमधल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये हे नीट मोजून दाखवलं: संत्रं, द्राक्ष, किवी सोलल्यावर हात न धुता बोटातून रक्त घेतलं, की साखर भलतीच जास्त दिसली. स्पिरिटचा बोळा फिरवूनही फरक पडला नाही, नळाच्या पाण्यानं धुतल्यावरच खरा आकडा आला. हंगामात भेटायला येणारा प्रत्येक जण द्राक्षांची पेटी घेऊन येतो. पेशंटनं एक मणी जरी चिमटीत धरला असेल, तरी त्या बोटाचा आकडा धरू नका. हात साबणानं धुवा, पुसा, मग सुई. रक्त फार कमी असेल, किंवा रक्तदाब घसरून हातपाय गार पडले असतील, तरी बोटाच्या यंत्राचा आकडा फसवू शकतो. तेव्हा शिरेतलं रक्त लॅबला पाठवतात.

दुसरी फसगत सिरिंजची. भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटर या ताकदीचं असतं. १० मिलिलिटरच्या एका बाटलीत ४०० युनिट. त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज. इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये असतं ते १०० युनिट प्रति मिलिलिटर, आणि त्या ताकदीच्या सिरिंजचं टोपण नारिंगी. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजनं १० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर शरीरात १० नव्हे, २५ युनिट जातात. अडीच पट. उलट केलं, बाटलीतलं औषध नारिंगी सिरिंजनं घेतलं, तर १० च्या जागी फक्त ४ जातात आणि साखर का उतरत नाही ते कुणाला कळत नाही. बाटली आणि टोपण यांची जोडी घरच्यांनीही डोळ्यांखालून घालावी. लिहिण्यातही असाच घोटाळा होतो. १० पुढे इंग्रजी यू अक्षर घाईत लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. म्हणून ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा, असं जगभर सांगितलं जातं. इंग्लंडमध्ये रुग्णालयांची मोठी राष्ट्रीय पाहणी व्हायची. २०१७ च्या पाहणीत मधुमेहाच्या दर तीन पेशंटमागे जवळपास एकाच्या औषधोपचारात काही ना काही चूक निघाली. तिथे ही स्थिती, तर आपल्या गजबजलेल्या वॉर्डांत नातेवाइकाच्या जागत्या डोळ्यांना किती मोल असेल.

साखर उतरली तर काय करायचं? ७० च्या खाली म्हणजे कमी, ५४ च्या खाली म्हणजे धोका. पेशंट शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, सिस्टरना हाक मारा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. साखर, मध, पाणी, काहीच नाही. ते श्वासनलिकेत जातं. अशा वेळी शिरेतून २५ टक्के ग्लुकोज देतात आणि माणूस काही मिनिटांत डोळे उघडतो. बिस्किट-पेढ्यांचा मारा करू नका, नाहीतर संध्याकाळी २९०. आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात असेल तर एकदा सावरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरते. म्हणून तशा पेशंटला २४ तास नजरेखाली ठेवतात. म्हाताऱ्या माणसात घाम-थरथर नसतेच कधीकधी. अण्णा आज विचित्र बोलतायत, मुलाला ओळखत नाहीत, असं झालं तर आधी साखर तपासायला सांगा.

दुसऱ्या दिवशी अण्णांची जखम साफ करायचं ऑपरेशन. रात्री १२ पासून उपाशी. जेवण नाही म्हणून जेवणाचं इन्सुलिन नाही, पण बेसल चालूच राहतं, थोडं कमी करून. ज्यांना टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे बहुधा लहानपणापासून इन्सुलिनवरच असलेली मुलं-माणसं, त्यांचं बेसल तर एक दिवसही चुकता कामा नये. ‘उपाशी आहे, मग इन्सुलिन कशाला’ या विचारानं ते थांबवलं, तर काही तासांतच रक्त आम्लयुक्त होऊन जिवावर बेततं. आयसीयूत किंवा मोठ्या ऑपरेशनात इन्सुलिन शिरेतून थेंबाथेंबानं देतात. ५० मिलिलिटर सलाईनमध्ये ५० युनिट, सिरिंज पंपानं, दर तासाला साखर तपासून. शिरेतल्या इन्सुलिनचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून पंप बंद करण्याआधी दोनेक तास कातडीखालचं बेसल द्यावं लागतं. रक्तातलं पोटॅशियमही बघतात, कारण इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमलाही पेशींत ढकलतं आणि ते फार कमी झालं तर हृदयाचा ठोका बिघडतो.

साखर किती असावी, यावरूनही बरीच उलथापालथ झाली. २००१ मध्ये बेल्जियमच्या ल्युवेन इथे ग्रेट व्हॅन डेन बर्घे यांनी शस्त्रक्रियेनंतर आयसीयूत असलेल्या १५४८ पेशंटमध्ये साखर ८० ते ११० अशी काटेकोर ठेवली, आणि आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. जगभर लोक त्या आकड्यामागे लागले. मग २००९ मध्ये नाइस-शुगर या ६१०४ पेशंटच्या मोठ्या अभ्यासानं उलट दाखवलं: काटेकोर गटात ९० दिवसांत २७.५ टक्के दगावले, थोडी सैल साखर ठेवलेल्या गटात २४.९ टक्के. काटेकोर गटात साखर जीवघेणी उतरण्याचं प्रमाणही कितीतरी जास्त होतं. तेव्हापासून १४० ते १८० ही बहुतेक दाखल पेशंटसाठी समाधानाची पातळी मानली जाते. १७० दिसलं म्हणून घरच्यांनी डॉक्टरांच्या मागे ‘अजून नॉर्मल का नाही’ म्हणून लागू नये. दवाखान्यात १७० चांगली आहे.

साखर मोकळी सुटली तर काय होतं, ते महाराष्ट्रानं २०२१ मध्ये पाहिलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनवर असलेल्या पेशंटना डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं जीवदान दिलं. रिकव्हरी नावाच्या औषधचाचणीत ठरलेला डोस रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. पण अनेक ठिकाणी स्टेरॉइड जास्त, लांब आणि ऑक्सिजनची गरज नसतानाही दिलं गेलं. स्टेरॉइड साखर चढवतं, तेही दुपारी-संध्याकाळी. सकाळची उपाशीपोटीची साखर बरी दिसते आणि सगळे निर्धास्त राहतात. एप्रिल-मेमध्ये खाटा भरलेल्या, सिस्टर थकलेल्या, संध्याकाळची साखर तपासणार कोण? आणि मग म्युकरमायकोसिस आला. ही बुरशी एरवी क्वचित दिसते. ती चढलेल्या साखरेत आणि आम्लयुक्त रक्तात फोफावते, नाकातून सायनस, डोळा, मेंदूकडे सरकते. मे २०२१ मध्ये केंद्रानं राज्यांना तिची नोंद सक्तीची करायला सांगितलं. महाराष्ट्र आणि गुजरात इथे सर्वाधिक पेशंट निघाले. तिच्यावरच्या अँफोटेरिसिन-बी या औषधासाठी नातेवाईक गावोगाव फिरले. कित्येकांचे डोळे, जबडे काढावे लागले. त्यातल्या फार मोठ्या संख्येच्या पेशंटना मधुमेह होता किंवा स्टेरॉइडमुळे साखर वर गेली होती. तेव्हापासून माझं ठाम मत आहे: स्टेरॉइड सुरू केलेल्या प्रत्येक पेशंटची दुपारच्या जेवणानंतरची आणि रात्रीच्या जेवणाआधीची साखर तपासलीच पाहिजे, त्याला आधी मधुमेह असो वा नसो.

गोदाकाठाचा म्हणून एक वेगळा प्रश्न आहे, पुराचा. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की सायखेड्याचा पूल बंद होतो. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरांत सायखेडा आणि चांदोरी पाण्यानं वेढली गेली होती. अशा वेळी वीज जाते आणि फ्रिजमधलं इन्सुलिन वाया जाणार म्हणून लोक हवालदिल होतात. तेवढं घाबरायचं कारण नाही. वापरात असलेली बाटली ३० अंशांच्या आत सुमारे ४ आठवडे चांगली राहते. ओल्या वाळूवर किंवा पाणी भरलेल्या माठाच्या कुशीत, प्लास्टिकच्या डबीत घालून ठेवली तर उन्हाळ्यातही टिकते. ती गोठवू नका. फ्रीजरमध्ये गेलेलं किंवा थेट बर्फात ठेवलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. पावसाळ्याआधी दोन आठवड्यांचा जादा साठा, सिरिंजचं पाकीट आणि शेवटचं डिस्चार्ज कार्ड, एवढं एका पिशवीत तयार असलं, तर बोटीतून बाहेर पडावं लागलं तरी उपचार तुटत नाहीत. दाखल होताना घरचं इन्सुलिन बरोबर नेऊन सिस्टरना दाखवा, पण वॉर्डात स्वतःच्या हातानं टोचू नका. दोघांनीही दिलं तर डोस दुप्पट होतो. आणि घरी रोज एकाच जागी टोचून पोटावर गाठ आलेली असेल तर तेही सांगा. गाठीत दिलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. वॉर्डात सिस्टरनं तोच डोस चांगल्या कातडीत दिला, तर तो अंगावर येतो.

ऑपरेशन झालं, जखम लाल-स्वच्छ दिसायला लागली, ताप गेला. अण्णांचं इन्सुलिन आता आपोआप कमी लागायला लागतं, कारण संकट टळल्यावर ती संप्रेरकंही खाली बसतात. इथे एचबीए१सी ही तपासणी कामी येते. तिच्यावरून मागच्या तीनेक महिन्यांची साखर कळते. ती बरी असेल तर घरी जाताना जुन्याच गोळ्या पुन्हा सुरू होतात. ९ च्या वर असेल तर बहुधा रात्रीचं बेसल इन्सुलिन काही काळ चालू ठेवतात. डिस्चार्ज कार्ड हातात आलं की तिथेच, घाई न करता विचारून घ्या: कुठलं इन्सुलिन, किती युनिट, जेवणाच्या किती आधी, कोणत्या टोपणाची सिरिंज, बंद केलेल्या गोळ्यांपैकी कुठली कधी सुरू करायची. हे मराठीत लिहून घ्या. पहिले दोन आठवडे रोज उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणाआधी साखर तपासून वहीत नोंद ठेवा. उपाशीपोटीचा आकडा १०० च्या खाली यायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. डोस कमी करायची वेळ आलेली असते.